अविवाहित, साठीपुढच्या, गट सात

६ जानेवारी

दादा,

नमस्कार, क्षेमकुशल, थोरांना साष्टांग वगैरे सगळं तू मनातल्या मनात वाचून घे. मी भांडायला बसले आहे. फोनवर तू "बघतो, बघतो" म्हणून मला वाटेला लावतोस, म्हणून पत्र. कागदाला तुमच्या खात्यात निदान आवक क्रमांक तरी मिळतो.

तुझ्या जनगणना कार्यालयाकडून मागवलेले तक्ते आले. देखणे आहेत आणि माझ्या काडीच्या उपयोगाचे नाहीत. आपल्या जुन्या वस्तीच्या खालच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारी भट्टी आहे, हे तुला सांगायला नको. गेलं वर्षभर मी तिथल्या पोरांचं रक्त तपासते आहे. भट्टीला लागून असलेल्या घरांत लहान मुलं जास्त दगावतात हे मला दिसतं, पण एका डॉक्टरणीच्या दिसण्याला विचारतो कोण? आकडा हवा. आणि तुम्ही काय केलंत, तर भट्टीजवळची शंभर घरं आणि टेकडीवरची आठशे बंगलेवाल्यांची घरं एकाच पिशवीत घालून हलवलीत. सरासरी काढली की सगळी पोरं ठणठणीत.

मला गट सातचा, म्हणजे भट्टीजवळच्या त्या शंभर घरांचा, वेगळा तक्ता दे. तरुण बायकांना मुलं किती झाली आणि त्यातली किती गेली. साठीपुढच्या बायकांचंही तेच, कारण त्यांची बाळंतपणं भट्टी येण्याआधीची. दोन्ही शेजारी ठेवले की भट्टीवाल्याला तोंड उघडायला जागा राहणार नाही.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा वस्तीत जाते आहे. उतरेन आत्याकडेच. तिच्या संध्याकाळच्या शिकवणीला आता चौदा मुली आहेत. मी चाळिशीची झाले, डॉक्टर झाले, तरी माझं अक्षर बघून ती नाक मुरडतेच.

तुझी चुलत बहीण, पण सख्खीपेक्षा जास्त डोकं खाणारी,
भिंगरी


१४ जानेवारी

भिंगरे,

अक्षराच्या बाबतीत मी आत्याच्या बाजूचा आहे. तुझं पत्र वाचायला मला दोन चहा लागले.

तुला वाटतं आम्ही इथे बसून तुमच्या तक्त्यांवर माती टाकतो. बरोबर आहे, माझ्या विभागाचं कामच ते. मातीला आम्ही गोपनीयता म्हणतो इतकंच. लोकांना वाटतं, नाव खोडलं की माणूस झाकला गेला. समज, एका गावात एकच बाई ट्रक चालवते. तिचं नाव खोडून मी "ट्रकचालक, स्त्री, एक" असं छापलं, तर झाकलं काय? म्हणून नियम असा, की तक्त्यातल्या चौकटीत पाचपेक्षा कमी माणसं आली की तिथे फुली मारायची. फार फुल्या व्हायला लागल्या की अख्खा गट शेजारच्या गटात मिसळायचा. हा नियम ज्या समितीने लिहिला, तिच्यात मी होतो. बावीस वर्षं झाली, माझ्या टेबलावरून एक माणूस बाहेर सांडलेला नाही. निवृत्तीला एक वर्ष राहिलं आहे, तेही तसंच जावं अशी इच्छा आहे.

तुझ्यासाठी रस्ता आहे. आमच्या तळमजल्यावर एक बंद खोली आहे. फोन बाहेर, वही बाहेर, आत तू आणि संगणक. हवे ते गट हवे तसे उलगडून बघ. अर्ज सोबत पाठवतो आहे. तेरा पानी आहे, रागावू नकोस.

दादा


२० जानेवारी

दादा,

बंद खोलीत मी जाऊन बसेन. पण तिथे जे सापडेल ते बाहेर न्यायला पुन्हा समितीची सही, आणि समिती बसणार मे महिन्यात. अर्जाच्या अकराव्या पानावर आहे. तू ते लिहायला विसरलास, की मी अकराव्या पानापर्यंत पोचणार नाही असं वाटलं? भट्टीच्या परवान्याची मुदत मार्चअखेर संपते. एकदा नूतनीकरण झालं की पुढची पाच वर्षं बोंबला.

परवा गट सातमधल्या एका घरी गेले होते. बाई अंगणात कपडे वाळत घालत होती. दोरीवर सगळी बाळाची झबली. मी नेहमीच्या सवयीने विचारलं, बाळ कुठे झोपलंय? ती म्हणाली, गेलं, बारा दिवस झाले, हे धुवून शेजारणीला द्यायचे आहेत, तिची वेळ जवळ आली आहे. आणि चिमटे लावत राहिली.

ती तुझ्या तक्त्यात टेकडीवरच्या बंगलेवाल्यांत मिसळली आहे. अगदी सुरक्षित आहे. तिला कोणी ओळखणार नाही.

मला वाईट बोलायचं नव्हतं. पण बोलले.

भिंगरी


३ फेब्रुवारी

भिंगरे,

सोबत तक्ता. गट सात, वेगळा काढलेला. पाचपेक्षा कमी आहेत तिथे फुल्या आहेत, त्यावरून पुन्हा भांडू नकोस. समितीचं मी बघतो.

त्या झबल्यांचं तू लिहायला नको होतंस. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

दादा


११ मार्च

दादा,

तुला एक मिठी, एक साष्टांग आणि हवी असेल तर माझी पदवी.

तुझ्या तक्त्याने काम केलं. साठीपुढच्या बायकांची दोनशे दहा मुलं, त्यातली अठरा गेली. तरुण बायकांची चौसष्ट, त्यातली अकरा. हे दोन आकडे मी शाळेच्या पडवीत, वस्तीच्या सभेत शेजारी शेजारी ठेवले. दुसऱ्या दिवशी नव्वद बायका परवाना कार्यालयात जाऊन बसल्या. नूतनीकरण थांबलं आहे, भट्टी तात्पुरती बंद आहे आणि बावीस एप्रिलला सुनावणी आहे. भट्टीवाल्याने वकील दिला आहे. तो तक्त्यावरच तुटून पडणार म्हणतात, पण जनगणनेच्या तक्त्याला तो काय बोलणार?

मी या खेपेला आरोग्य केंद्रातल्या खाटेवर झोपले. आत्याला जरा बरं नव्हतं, तिला त्रास नको म्हटलं. बाकी सगळं उत्तम.

भिंगरी


१७ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग घडी घालून खिशात ठेवलं. ऑफिसात कोणाला दाखवण्यासारखं नाही, पण खिशात असलं की बरं वाटतं. बावीस वर्षं मी लोकांना "नाही" म्हणायचा पगार घेतला. एकदा "हो" म्हटलं तर त्याने एवढं व्हावं, हे मला झेपत नाही आहे.

आत्याला बरं नाही म्हणजे काय? तू डॉक्टर ना, मग नीट लिही की. मला विचारशील तर तिला काही झालेलं नाही, ती माझ्यावर रुसली आहे. तिच्या पंचाहत्तरीला मी येतो म्हणालो आणि आलो नाही. त्यानंतर दोन पत्रं घातली, एकाचंही उत्तर नाही. दुसऱ्यात तर मी चांगलीच शेखी मिरवून लिहिलं, की भिंगरीच्या हातात जो तक्ता तू बघशील तो तुझ्या भाच्याने स्वतःच्या हाताने काढला आहे. म्हटलं, निदान त्यावर तरी खूश होईल. माझ्या पेन्सिलीच्या रेषा सरळ आल्या की ती पाठ थोपटायची, आठवतं?

पुढच्या महिन्यात रजा टाकतो आणि तिच्यापुढे कान पकडून उभा राहतो.

दादा


२५ मार्च

दादा,

येऊ नकोस. आणि आत्या तुझ्यावर रुसलेली नाही. मागच्या पत्रात मी तुला अर्धंच लिहिलं. उरलेलं आता लिहिते, कारण तू तिला ते पत्र घातलंस हे वाचून मला बसवेना.

सभेत मी नुसते दोन आकडे नाही ठेवले. तुझा अख्खा तक्ता मोठा करून छापून घेतला आणि शाळेच्या पडवीत भिंतीवर लावला. लोकांनी स्वतः बघावं, डॉक्टरीण मनचं सांगत नाही हे त्यांना कळावं म्हणून. दोन दिवस बायका समोर उभ्या राहून बोटं फिरवत होत्या. मला काय अभिमान वाटत होता.

तिसऱ्या दिवशी नळावर बोलणं निघालं. साठीपुढच्या बायकांच्या तक्त्यात विवाहित, विधवा, अविवाहित अशा ओळी आहेत. झालेली मुलं: विवाहितांची एकशे बारा, विधवांची सत्त्याण्णव. म्हणजे दोनशे नऊ. खाली एकूण लिहिलं आहे दोनशे दहा. गेलेली मुलं: नऊ आणि आठ, सतरा. खाली अठरा. अविवाहितांच्या ओळीत तुझ्या फुल्या. मग उरलेलं एक कोणाचं, असं कोणीतरी विचारलं. गट सातमध्ये साठीपुढची, लग्न न झालेली बाई एकच आहे, दादा. वजाबाकी त्या सगळ्यांना तिनेच शिकवली आहे.

त्या आठवड्यात चौदातल्या पाच मुली शिकवणीला यायच्या बंद झाल्या. मी गेले तर आत्याने दार चार बोटं उघडलं, म्हणाली, मला बरं नाही, तू केंद्रावर झोप. आणि लावून घेतलं.

मी तक्ता उतरवायला गेले होते. बायका म्हणाल्या, सुनावणीपर्यंत राहू द्या, वर्तमानपत्रवाले बघायला येतात. मी राहू दिला. हे मला कोणाला तरी सांगायचं होतं. मला कळलं होतं, आणि तरी मी राहू दिला.

पण तू फुली मारली होतीस ना? मग हे झालं कसं?

भिंगरी


२८ मार्च

भिंगरे,

प्रत्येक रकान्यात फुली एकच होती, म्हणून झालं.

रकान्यात एक चौकट झाकली की त्याच रकान्यातली आणखी एक झाकायची असते. नाहीतर बेरजेतून बाकीचं वजा केलं की झाकलेलं उघडं. आमच्याकडे नवीन आलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी शिकवतात. शिकवतो मीच. दुसरी फुली संगणक आपली आपण मारतो, त्यामुळे बावीस वर्षांत मला ती हाताने मारायची वेळ आली नव्हती.

तुझा तक्ता मी संगणकावर केला नाही, कारण तिथे नोंद राहते. मोकळे आकडे कागदावर उतरवून घरी आणले आणि रविवारी जेवणाच्या टेबलावर पट्टी-पेन्सिल घेऊन बसलो. "समितीचं मी बघतो" असं तुला लिहिलं होतं. समितीला यातलं काही माहीत नाही.

अजून आहे. तू फक्त वय मागितलं होतंस. विवाहित-अविवाहित तुला नकोच होतं. आमचा तयार नमुना तसा असतो, त्या ओळी एकत्र करायच्या म्हणजे सगळ्या बेरजा पुन्हा कराव्या लागल्या असत्या. मला कंटाळा आला. आत्याची अब्रू माझ्या कंटाळ्यामुळे गेली, भिंगरे. हे मी रात्रभर वेगवेगळ्या शब्दांत मांडून बघितलं, पण याहून बरं काही निघत नाही.

आणि तू विचारलं नाहीस, पण विचारशील. फुली मारताना मी आतला आकडा बघितला होता. एक होता. मी त्याच वस्तीत वाढलो, ती ओळ कोणाची आहे हे मला डोळे मिटून कळायला हवं होतं. पण आम्ही चौकटीत माणूस बघत नाही, पाचपेक्षा कमी आहे की नाही तेवढं बघतो. कमी होतं, फुली मारली, पुढे गेलो.

आता पुढचं. मी वर जाऊन हे सांगितलं तर कार्यालय दुसऱ्या दिवशी तक्ता मागे घेणार. मग बावीस तारखेला भट्टीवाल्याचा वकील म्हणणार, ज्यांनी काढला तेच तो आपला म्हणत नाहीत. झाली सुनावणी. आणि नाही सांगितलं, तर तक्ता भिंतीवर राहतो, तुझ्या अहवालात छापला जातो आणि आत्या दाराआड. तुझा सल्ला विचारत नाही. तू झबल्यांचं लिहिशील आणि मी पुन्हा विरघळेन. मी आत्यालाच लिहितो.

दादा


२९ मार्च

ती. आत्या,

कोणत्या तोंडाने लिहू कळत नाही, तरी लिहितो. भिंगरीने सगळं कळवलं. त्या तक्त्यातली चूक तिची नाही, माझी आहे. माझ्याकडून अनवधानाने एक ओळ तशीच राहिली आणि तिची बेरीजही अनवधानाने तशीच गेली. तुला दुखवायचं माझ्या मनात स्वप्नातही नव्हतं. जे झालं ते केवळ अनवधानाने झालं.

तक्ता मागे घ्यायचा तर सुनावणीत भट्टी सुटेल. ठेवायचा तर तुझ्यावर अन्याय. मला काही सुचत नाही. तू सांगशील ते मी करीन. उद्या काढ म्हणालीस तर उद्या काढतो, मग भट्टीचं काहीही होवो.

मागच्या पत्रात मी जे फुशारकीने लिहिलं, ते फाडून टाक.

तुझा भाचा


९ एप्रिल

चि. भाच्यास,

पत्र मिळालं. "अनवधानाने" हा शब्द तीनदा आला आहे. एकदा पुरे होता. तीनदा लिहिला की माणूस स्वतःचीच समजूत घालतो आहे असं वाटतं.

चूक तू करायची आणि निकाल मी द्यायचा, ही वाटणी मला पसंत नाही. लहानपणी काचेचं काही फोडलं की तुम्ही दोघं तुकडे माझ्याच ओंजळीत आणून द्यायचात. आता तू सत्तावन्न वर्षांचा आहेस. तरी विचारलंच आहेस, तर सांगते.

परवा दुपारी मी शाळेत गेले. ऊन होतं, पडवीत कोणी नव्हतं. चष्मा लावून तक्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वजाबाकी बरोबर आहे. एक झालं, एक गेलं. सतरा दिवसांचा होता. तुझ्या वडिलांना माहीत होतं. त्यांनी मला तेव्हा सांभाळून घेतलं आणि मरेपर्यंत कधी विषय काढला नाही. ते गेल्यावर हे माहीत असणारी जगात मी एकटी उरले होते.

मग मी तरुण बायकांच्या ओळी वाचल्या. चौसष्टातली अकरा. त्यांतल्या चार आया माझ्या हाताखालून गेल्या आहेत. त्यांनी माझ्याबद्दल नळावर काय म्हटलं तेही मला कळलं आहे. कळलं तरी ती अकरा मुलं अकराच राहतात. सुनावणी होईपर्यंत तक्ता भिंतीवर राहू दे. भिंगरीला तोंड लपवून केंद्रावर झोपायची गरज नाही, खाट रिकामी आहे. आणि तेवीस तारखेला सकाळी तू तुझ्या साहेबांपुढे उभा राहा आणि सगळं सांग. निवृत्तीला वर्ष राहिलं आहे म्हणून थांबू नकोस. थांबलास तर मला कळेल.

गेलेल्या पाच मुलींतल्या दोघी परत आल्या आहेत. बाकीच्या येतील की नाही, मी बघत बसत नाही. तू मात्र इतक्यात येऊ नकोस. रागावले आहे का, तर हो, रागावले आहे. कमी झाला की कळवीन.

एक मात्र तुला सांगायला हवं, कारण तुझं खातं ते आहे. ती मोजणीवाली मुलगी आली होती, तेव्हा मी घरात एकटी होते. हिच्यापुढे काय बोलायचं, म्हणून नेहमीसारखं नाही म्हणणार होते. पण तिने अर्जाच्या वर छापलेलं वाक्य वाचून दाखवलं, की ही माहिती कोणालाही कळणार नाही. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. मग मी सांगितलं, एक झालं, हयात नाही. तिने लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, घरात पंखा आहे का. एकावन्न वर्षांत पहिल्यांदा तो कुठेतरी लिहिला गेला होता. ती गेल्यावर मी बराच वेळ दारातच उभी राहिले. मला फार बरं वाटलं होतं.

दहा वर्षांनी पुन्हा मोजणी होईल. असले तर पंच्याऐंशीची असेन. अशीच कोणी मुलगी येईल आणि तेच वाक्य वाचेल. मी तिला पाणी देईन, वाक्य पूर्ण ऐकून घेईन आणि सांगेन, मला मूल झालं नाही.

आत्या